दात पडलाय आणि इम्प्लांटचा विचार चाललाय? खान्देशातल्या नवख्यांसाठी सगळं एका जागी

आपल्याकडे दाढ काढून आलं की विषय संपला असंच धरतात. ठणका गेला, रात्री झोप लागायला लागली, आता कशाला परत त्या खुर्चीवर बसायचं. मागची दाढ असेल तर हसताना दिसतही नाही, मग दुसऱ्या बाजूनं चावायची सवय लागते आणि बघता बघता चार-पाच वर्षं निघून जातात. नंतर कधीतरी आखाजीला सगळे घरी जमले की कोणीतरी म्हणतं, अहो तुमचा गाल एका बाजूनं बसल्यासारखा दिसतोय, तेव्हा कुठे शोधाशोध सुरू होते की इम्प्लांट म्हणजे काय, किती लागतात, दुखतं का. त्या शोधाशोधीत असलेल्यांसाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, पण घरातल्या मोठ्या माणसांची ही कामं जवळून बघितलीत, बाजूच्या स्टुलावर बसून डॉक्टरांना नको तितके प्रश्न विचारलेत. माझं मत आधीच सांगून टाकतो, इम्प्लांट चांगलाच आहे, पण त्याचा खरा फायदा जो लवकर ठरवतो आणि आधी तोंडाची नीट तयारी करतो त्यालाच होतो. नुसती जाहिरात बघून पळत गेलेल्याला होत नाही.

जबड्यात नेमकं काय बसवतात

तीन भाग असतात. खाली हाडात जातो तो स्क्रू, दिसायला साधारण दाताच्या मुळाएवढा, टायटॅनियमचा. त्याच्यावर एक छोटा जोड बसतो, त्याला अबटमेंट म्हणतात. आणि सगळ्यात वर दिसणारा दात, म्हणजे कॅप. बऱ्याच लोकांना वाटतं की इम्प्लांट म्हणजे तो वरचा पांढरा दात, पण खरा इम्प्लांट म्हणजे आत गेलेला तो स्क्रू, बाहेरून तो दिसतच नाही.

टायटॅनियमच का, तर ही गोष्ट मजेशीर आहे. १९५२ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे एक संशोधक सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं फिरतं ते बघत होते, त्यासाठी टायटॅनियमचं एक छोटं उपकरण हाडात बसवलेलं होतं. काम झाल्यावर काढायला गेले तर निघेचना, हाडानं त्याला धरून ठेवलेलं. त्यातूनच हाड आणि टायटॅनियम एकजीव होतात हे लक्षात आलं आणि १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. तो माणूस २००६ मध्ये वारला, तोवर चाळीस वर्षं त्यानं ते वापरले. म्हणजे हे काही काल-परवा आलेलं फॅड नाहीये.

आता फायद्याचं बोलू

लोक फायदा म्हणून पहिल्यांदा दिसण्याचं सांगतात. पुढचा दात असेल तर दिसणं महत्त्वाचंच आहे, नाही कोण म्हणतं, पण माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाडाचा आहे आणि तोच कोणी नीट समजावून सांगत नाही.

दाताचं मूळ हाडात असतं तोवर चावताना त्या हाडावर दाब येत राहतो आणि हाड जिवंत राहतं. दात गेला की त्या जागेला काम उरत नाही, शरीर ते हाड हळूहळू परत घेऊन टाकतं. आणि हळूहळू म्हणजे दहा वर्षांनी असं नाही, पहिल्या वर्षातच त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते. म्हाताऱ्या माणसांचे गाल आत जातात, हनुवटी वर आल्यासारखी दिसते, ते नुसतं वयामुळे नसतं, खालचं हाड गेलेलं असतं. कवळी लावली तरी हाड झिजायचं थांबत नाही, उलट वरून दाब येत राहतो, म्हणूनच दोन-चार वर्षांनी कवळी सैल होते आणि लोक म्हणतात की डॉक्टरनं माप चुकीचं घेतलं. माप बरोबरच होतं, हाड बदललं. इम्प्लांट मात्र मुळासारखा आत बसतो आणि दाब हाडापर्यंत नेतो, त्यामुळे त्या जागेचं हाड बऱ्यापैकी टिकून राहतं.

दुसरी गोष्ट शेजारच्या दातांची. एक दात गेला की बाजूचे दोन्ही त्या खिंडीकडे कलायला लागतात, आणि समोरचा, म्हणजे खालची दाढ गेली असेल तर वरची, ती आधार नाही म्हणून खाली उतरायला लागते. पाच वर्षांनी इम्प्लांट करायला गेलात की डॉक्टर सांगतात, दात बसवायला उंचीच उरली नाहीये, वरची दाढ आधी घासून किंवा दुरुस्त करून घ्यावी लागेल. एका दाताचं काम तीन दातांवर जातं ते असं.

ब्रिजमध्ये तर शेजारच्यांना मुद्दामच घासावं लागतं. मधला एक दात बसवायचा म्हणून दोन्ही बाजूचे चांगले दात चारही बाजूंनी कमी करून त्यांच्यावर कॅप चढवतात. ते दोन दात आधीच किडलेले, रूट कॅनल केलेले असतील तर ब्रिज ठीकच आहे, मी स्वतः त्याला नाही म्हणणार नाही, स्वस्तही पडतो आणि दोन-तीन आठवड्यांत काम होतं. पण शेजारचे दात ठणठणीत असतील तर ते घासणं जिवावर येतं. इम्प्लांटला कोणाचाच आधार लागत नाही, तो स्वतःच्या पायावर उभा राहतो.

आणि चावणं. पूर्ण कवळीवाल्याची चावायची ताकद खऱ्या दातांच्या साधारण पावपट राहते. आपल्याकडचं खाणं बघा, बाजरीची नाहीतर कळण्याची भाकर, बट्टी, बिबडे, शेंगदाणे, हिवाळ्यात हुरडा. अमळनेरकडची माझी एक मावशी कवळी आल्यापासून भाकर दुधात कुस्करून खायची आणि जेवताना कवळी काढून स्टीलच्या वाटीत ठेवायची, म्हणजे ज्यासाठी दात बसवले तेच काम दाताशिवाय. लग्नाच्या पंगतीत तर ती नुसती वरण-भातावर असायची. नंतर तिला खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट करून त्याच्यावर कवळी अडकवून दिली, त्याबद्दल पुढे सांगतो.

इम्प्लांटला कीड लागत नाही, हे पण खरं, धातूला काय कीड लागणार. पण त्याचा अर्थ घासायचं नाही असा नाही.

पहिली पायरी : दात काढायच्या आधीच विषय काढा

दाढ काढायचीच आहे असं ठरलं की त्याच वेळी डॉक्टरांना विचारा, याच्या जागी पुढे इम्प्लांट करायचा असेल तर आत्ता काय करायला पाहिजे? काही वेळा दात काढला त्याच दिवशी इम्प्लांट बसवता येतो, पू किंवा मोठं इन्फेक्शन नसेल आणि हाड चांगलं असेल तर. नाहीतर दोन-तीन महिने जागा भरू देतात आणि मग बसवतात. काही डॉक्टर दात काढल्यावर त्या खड्ड्यात हाडाची पावडर भरून ठेवतात, जागा बसू नये म्हणून. हे सगळे पर्याय दात काढायच्या आधी विचारले तरच हातात असतात.

दात जाऊन खूप वर्षं झालीत तर काही होतच नाही असं नाही, पण मग हाड वाढवायचं वेगळं काम लागू शकतं, त्याचे वेगळे पैसे आणि वेगळे चार-सहा महिने.

वयाचं पण सांगतो. जबड्याची वाढ पूर्ण व्हायच्या आधी इम्प्लांट करत नाहीत. क्रिकेट खेळताना पोराचा पुढचा दात गेला म्हणून पंधराव्या वर्षी इम्प्लांटची घाई करू नका, इम्प्लांट हाडाला चिकटून जागेवरच राहतो आणि बाजूचे दात वाढीबरोबर पुढे जातात, मग तो एकटा आखूड दिसतो. तोवर तात्पुरता काढता-घालता दात चालतो. वरच्या वयाला मात्र अडचण नाही, सत्तरीतल्या माणसालाही तब्येत ठीक असेल तर करतात.

दुसरी पायरी : डॉक्टर कुठला

आपल्याकडे नंदुरबार-नवापूरची माणसं सुरतला जातात, रावेरकडची बऱ्हाणपूरला, चाळीसगावची नाशिक नाहीतर संभाजीनगरला. जायला हरकत काहीच नाही, पण इम्प्लांटला पाच-सहा चकरा तरी होतात आणि नंतर दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचं असतं. म्हणून एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येईल असा डॉक्टर बघा असं मी सांगेन. लांबच्या स्वस्त पॅकेजमध्ये वाचलेले पैसे गाडीभाड्यात आणि बुडालेल्या रोजात जातात, आणि मधेच काही सैल झालं तर गावातला डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला हात लावायला कुरकुर करतो, त्याच्याकडे त्या कंपनीचे स्क्रू फिरवायचे पाने नसतात, त्याचंही खरं असतं.

डिग्रीचं म्हणाल तर बीडीएस डॉक्टरपण इम्प्लांट करतात आणि चांगले करतात. एमडीएसमध्ये तीन शाखांचे लोक हे काम जास्त करतात, कृत्रिम दातांवाले प्रोस्थोडॉन्टिस्ट, हिरड्यांवाले पेरिओडॉन्टिस्ट आणि जबड्याची ऑपरेशनं करणारे ओरल सर्जन. बऱ्याच क्लिनिकमध्ये असं असतं की सर्जन महिन्यातून ठरलेल्या दिवशी बाहेरून येतो, स्क्रू बसवून जातो आणि वरची कॅप स्थानिक डॉक्टर करतात. त्यात चूक काही नाही, फक्त विचारून घ्या की मधेच सूज आली तर फोन कोणाला करायचा.

बजेट कमी असेल तर डेंटल कॉलेज हा चांगला पर्याय आहे. धुळ्याला एसीपीएम डेंटल कॉलेज आहे, नाशिकला पंचवटीत केबीएच आहे, संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज आहे. तिथे एमडीएस शिकणारे डॉक्टर सरांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, रांगेत बसावं लागतं, पण खर्च कमी होतो. आधी जाऊन चौकशी करा, इम्प्लांट करतात का आणि सध्याचे दर काय आहेत याची.

तिसरी पायरी : तोंडाची तयारी, म्हणजे पुडी आणि शुगर

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त खोटं इथेच बोललं जातं. डॉक्टर विचारतात, तंबाखू खाता का? माणूस म्हणतो नाही नाही, कधीतरी. आणि खिशात पुडी.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी कोणाला काय मिळतं ते आपल्याला माहितीये. बायकांमध्ये मिशरी आहेच, बरं ती दात घासायला म्हणून लावतात त्यामुळे तिला तंबाखू मोजतच नाहीत. तंबाखू आणि विडी-सिगारेटमुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही आणि इम्प्लांट हाडाला धरायच्या ऐवजी सुटून येतो. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट फेल व्हायचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट धरतात. निदान ऑपरेशनच्या आधी एक-दोन आठवडे आणि नंतर दोन महिने पूर्ण बंद ठेवा, आणि तेवढं जमलंच तर मग परत सुरू कशाला करायचं.

गुटखा-सुपारीचा अजून एक घोळ आहे. वर्षानुवर्षं खाणाऱ्यांचं तोंड उघडायचं कमी होतं, गालाच्या आत पांढरे कडक पट्टे येतात, तिखट सहन होत नाही. घरी बघायचं असेल तर स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालून बघा. जात नसतील तर मागच्या दाढेचा इम्प्लांट विसरा, तिथे ड्रिल आणि हात पोचतच नाही, आणि आधी त्या आजाराची तपासणी करा कारण पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. हे इम्प्लांटपेक्षा जास्त अर्जंट आहे.

शुगरवाल्यांनी तीन महिन्यांची शुगर, एचबीए१सी, करून रिपोर्ट बरोबर न्यावा. सातच्या आसपास असेल तर डॉक्टर बिनधास्त पुढे जातात, आठच्या वर गेली असेल तर बरेच जण थांबायला सांगतात. शुगर आहे म्हणून इम्प्लांट होतच नाही हा गैरसमज आहे, कंट्रोलमध्ये नाहीये म्हणून होत नाही.

गोळ्यांची यादी कागदावर लिहून न्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, चालू असतील तर सांगा, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका, स्टेंट टाकलेल्या माणसानं तर अजिबात नाही, हृदयाचे डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर आपसात बोलून ठरवतील. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तेही आवर्जून सांगा, त्या औषधांमुळे जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो. तोंडाला किंवा मानेला शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलं असेल तेपण लपवू नका.

आणि हिरड्या. ब्रश करताना रक्त येतं, दात हलतात, तोंडाला वास येतो, असं असताना इम्प्लांट बसवला तर तेच जंतू त्याच्याभोवती जाऊन बसतात. आधी दात साफ करून घ्या, हिरड्यांचा इलाज होऊ द्या. कोणी डॉक्टर हे काहीच न बघता पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख देत असेल तर मी तरी तिथून चप्पल घालून निघेन.

चौथी पायरी : स्कॅन

साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते पण जाडी दिसत नाही. म्हणून सीबीसीटी नावाचा थ्रीडी स्कॅन काढतात, उभं राहून काढायचा, दुखत-बिखत काही नाही. स्कॅन झाला की डॉक्टरांना सांगा, मला स्क्रीनवर दाखवा. मावशीच्या वेळी त्यांनी खालच्या जबड्याचा काप उघडून दाखवला होता, करड्या हाडात एक गोल काळपट भोक, ती नस. माऊसनं हाडाच्या माथ्यापासून नसेपर्यंत रेघ ओढली, १२ मिलिमीटर. दोन मिलिमीटर सुरक्षित अंतर सोडायचं, म्हणून १० मिलिमीटरच्या वर स्क्रू घ्यायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. त्या नसेला धक्का लागला तर ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते, म्हणून हे माप लागतं. वरच्या जबड्यात मागे तशी नस नसते पण सायनसची पोकळी असते, दाढा गेल्यावर ती खाली उतरते, मग तिथे सायनस लिफ्ट नावाचं काम करून हाड घालावं लागू शकतं. त्यात सहाएक महिने जास्तीचे धरा.

पाचवी पायरी : खर्च लिहून घ्या

एका दाताचा खर्च साधारण २५-३० हजारांपासून ५०-६० हजारांपर्यंत कुठेही असू शकतो, कंपनी, कॅपचा प्रकार, गाव आणि डॉक्टर यावर. मूळची स्वीडनची नोबेल, स्वित्झर्लंडची स्ट्रॉमन या महाग, कोरियाच्या ऑस्टेम, डेंटियम मधल्या, इस्रायलच्या आणि आपल्याकडच्याही आहेत. मधल्या किमतीतला नावाजलेल्या कंपनीचा घेतला तरी काही बिघडत नाही. डॉक्टरांच्या हाताला जी सिस्टीम सवयीची आहे ती मला जास्त पटते.

जाहिरातीत १० हजारात इम्प्लांट लिहिलेलं असतं तो बहुतेक वेळा नुसता स्क्रू असतो. अबटमेंट वेगळा, कॅप वेगळी, स्कॅन वेगळा, हाडाची पावडर लागली तर ती वेगळी. म्हणून कागदावर लिहून मागा, पूर्ण दात तोंडात बसेपर्यंत एकूण किती, आणि इम्प्लांट धरला नाही तर परत करताना काय घेणार. चांगले डॉक्टर यावर चिडत नाहीत. मेडिक्लेममध्ये दातांचं साधारणपणे बसत नाही, अपघातात दात गेला असेल तर पॉलिसी काढून वाचा. बऱ्याच क्लिनिकमध्ये हप्ते करून देतात, आणि काम महिनोन् महिने चालतं त्यामुळे अर्धे आता, अर्धे कापूस विकल्यावर कॅपच्या वेळी, असं बोलून बघायला काय हरकत आहे.

अजून एक, इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, साईज आणि लॉट नंबरचं स्टिकर असतं. ते मागून घ्या आणि फाईलला चिकटवा. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात स्क्रू घट्ट करायची वेळ आली तर तो कागद सोन्याचा आहे.

सहावी पायरी : ऑपरेशन आणि पहिला आठवडा

दाढ काढताना देतात तसंच बधिर करायचं इंजेक्शन, भूल नाही. एका इम्प्लांटला अर्धा ते एक तास. कंपन जाणवतं, दाब जाणवतो, दुखत नाही. मावशी घाबरून घामाघूम झालेली, बाहेर आल्यावर म्हणे "काहीच दुखस नही भो, दाढ काढाले यानाथीन जास्त दुखनं व्हतं." इंजेक्शन उतरल्यावर दुखतं थोडं, गोळीनं थांबतं. जाताना पोटभर जेवून जा, शुगरवाल्यांनी तर नक्कीच, आणि कोणाला तरी बरोबर न्या.

पहिले २४ तास चूळ खळखळून भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉनं ओढून प्यायचं नाही, गरम काही नाही. बाहेरून बर्फ, दहा मिनिटं लावायचा दहा मिनिटं काढायचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दिसते आणि मग उतरते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आरशात बघून घाबरू नका. सूज चौथ्या दिवसानंतर वाढतच चालली, ताप आला, पू आला किंवा ओठ बधिरच राहिला तर थांबायचं नाही, लगेच फोन.

खायला आपल्याकडे काय कमी आहे, केळी तर घरचीच. मऊ खिचडी, दही-भात, गार करून वरण, शिरा, उकडून कुस्करलेला बटाटा. भरीत मऊ असलं तरी आठवडाभर नको, त्यातली हिरवी मिरची आणि बिया टाक्यात जातात. शेवभाजी, भाकर, बट्टी लांबच ठेवा. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की कोमट मिठाच्या पाण्यानं हळू चूळ, आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश. टाके सात ते दहा दिवसांत काढतात.

सातवी पायरी : थांबायचं

हाड धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन-चार महिने, वरच्यात हाड भुसभुशीत असतं म्हणून चार-सहा महिने. या काळात इम्प्लांटवर जोर द्यायचा नाही. ताजा रोवलेला खांब रोज हलवत राहिला तर माती धरत नाही, इथे तेच. पुढचा दात असेल तर तात्पुरता दात लावून देतात, बिनदाताचं फिरावं लागत नाही.

म्हणून लग्नसराईचा हिशोब आधी करा. वैशाखात घरात लग्न असेल तर दिवाळीच्या आसपास काम सुरू करा, मार्चमध्ये पळत जाऊन काही होणार नाही.

मग ते "तीन दिवसांत फिक्स दात" काय प्रकार आहे? तसे दात खरंच बसवतात, पूर्ण जबड्याचे इम्प्लांट एकमेकांना बांधून वर लगेच दात देतात आणि निवडक पेशंटमध्ये चालतंही. पण ते सगळ्यांना चालतं असं सांगणाऱ्याला विचारा, माझ्या हाडात का चालेल ते स्कॅनवर दाखवा. दाखवलं तर पुढे बोला.

आठवी पायरी : कॅप

हाड धरलं की हिरडी जराशी उघडून वर एक छोटी टोपी लावतात, दोनेक आठवड्यांनी माप घेतात, हल्ली बऱ्याच ठिकाणी कॅमेऱ्यानं स्कॅन करून. कॅप झिरकोनियाची घ्यायची की आत धातू वरून सिरॅमिक अशी, तर पुढे झिरकोनिया दिसायला चांगली, मागे दोन्ही चालतात. शेड बघायची ती दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, ट्यूबलाईटखाली नको. बसवल्यावर चावून बघा, उंच लागत असेल तर तिथेच सांगा, सवय होईल म्हणून घरी येऊ नका. इम्प्लांटला खऱ्या दातासारखी खालून गादी नसते, जास्तीचा दाब थेट स्क्रूवर जातो. रात्री दात खाणाऱ्यांनी नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कवच, करून घ्यावा.

सगळेच दात गेलेत त्यांचं

प्रत्येक दाताला इम्प्लांट लागत नाही, कोणी अठ्ठावीस सांगत असेल तर उठा. फिक्स दात पाहिजे असतील तर एका जबड्याला चार ते सहा इम्प्लांटवर पूर्ण पूल बसतो, खर्च लाखांत जातो. पण खालची कवळी हलते एवढीच तक्रार असेल तर दोन इम्प्लांटवर बटणासारखी अडकणारी कवळी बघा. २००२ मध्ये कॅनडात मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ बसले होते त्यांनी खालच्या बिनदाताच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय धरावा असं म्हटलंय. मावशीचं तेच केलं. ती कवळी रोज काढून धुवायची असते, वर्षा-दोन वर्षांनी आतले रबर बदलावे लागतात, पण वाटी पंगतीतून गेली आणि भाकर परत आली.

नंतरची निगा

दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदच्या वर इम्प्लांट टिकतात, नीट सांभाळले तर. कीड लागत नसली तरी भोवतीच्या हिरडीला सूज येते आणि ती दुर्लक्ष केली की आत हाड खात जाते, दुखत नसल्यानं कळत पण नाही. मऊ ब्रशनं दोन वेळा, आणि दोन दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश मिळतो मेडिकलवर, तो रोज रात्री. काडीनं टोकरायचं बंद. राखुंडी, मिशरी नाहीच. सहा महिन्यांनी दाखवायचं, वर्षातून एकदा एक्स-रे. एमआरआयला टायटॅनियमची अडचण येत नाही, फक्त तिथे सांगून ठेवा.

आणि कधी कॅप हलायला लागली तर घाबरू नका, बहुतेक वेळा कॅप धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो, डॉक्टर दहा-पंधरा मिनिटांत घट्ट करून देतात. त्या बाजूनं चावायचं बंद करा आणि दोन-चार दिवसांत जा. कॅप निघून हातात आली तर डबीत ठेवा, फेविक्विकनं चिकटवायला जाऊ नका, लोक खरंच चिकटवतात. पण हिरडीतून पू येतोय किंवा खालचा इम्प्लांटच हलतोय असं वाटलं तर मात्र त्याच दिवशी गाडी पकडा, आणि स्टिकर चिकटवलेली ती फाईल बरोबर घ्या.